मिरचीवरचा आळ

आसगाव, ता. पवनी
२० जून २०२४

रश्मीबाई,

आधी मामाचा आशीर्वाद घे, मंग भांडन आयक.

फोन काहून नाही केला म्हनशील. तुही मामी शकुंतलाबाई फोन स्पीकरवर ठेवते. मी इकडं बोलतो आनि शकुंतलाबाई तिकडं अंगनात उभी राहून साऱ्या मोहल्ल्याले समजावून सांगते. जे लिहून राहिलो ते मोहल्ल्यानं आयकाचं नाही. शिवाय माहा आवाज आजकाल फोनमधी फाटते म्हनते लोक. टॉवरचं काम बरोबर नाही.

परवा तुह्या विद्यापीठाची गाडी आली. गळ्यात कार्ड घातलेले पोट्टे-पोट्टी उतरले, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडला आनि म्हने, काका, तोंड उघडा. उघडलं. त्यात बोटं उभी घालून पाहिली, काहीतरी लिहिलं, आनि जाताना बिस्किटचा पुडा दिला, कापडी झोळा दिला. झोळ्यावर एक पान छापलेलं. हे पान आपन कुठंतरी पाहिलं म्हनून मी डोकं खाजवत बसलो. मंग उठून मनिषच्या पानठेल्यावर गेलो. त्याच्या मागं तंबाखूच्या पुड्याची माळ टांगली राहते ना, त्याच्यावर हुबेहूब तेच पान! फरक इतकाच, का झोळ्यावर खाली "पर्णसुधा आरोग्य फाउंडेशन" लिहिलं हाय.

आता मले सांग, मांजर कवापासून दुधाची राखन कराले लागलं? तंबाखू विकनाऱ्याले आमच्या तोंडाची इतकी माया कायले आली? फुकटात कोनी कोनाच्या तोंडात बोट घालत नाही.

आनि अजून एक. गाडीतली एक पोरगी, रीना नाव होतं, मले पाहताबरोबर म्हने, "तुम्ही रश्मीताईचे मामा ना?" म्हंजे माहं नाव त्याईले आधीच मालूम! कोनं सांगतलं? तिथं तुह्यावर कोनाची नजर त नाही ना? जपून राह्य बाई. ह्या पत्राचं तिथं कोनाले बोलू नको. उत्तर दे, पन खरं दे.

तुहा मामा,
सेवकराम


विद्यापीठ वसतिगृह
२ जुलै २०२४

तीर्थरूप मामाजी,

पाया पडते. तुमचं पत्र वाचून हसले आणि मग थोडा रागही आला. माणसानं संशय घ्यावा, पण बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा?

रीनाला तुमचं नाव मीच सांगितलं. गावही मीच सुचवलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, एखाद्या ओळखीच्या गावापासून सुरुवात करू, तिथं लोक परक्यांना दारातून परत पाठवत नाहीत. मी लहानपणापासून तुमच्या घरी वाढले, मग आसगावशिवाय दुसरं कुठलं गाव सांगणार?

आणि हो, पर्णसुधा त्या तंबाखू कंपनीचंच आहे. लपवायचं काहीच नाही. आमच्या विभागाच्या दारावर त्यांची पितळी पाटी आहे. तुम्हाला इथली स्थिती माहीत नाही, मामाजी. सरकारी अनुदान आटलं तेव्हा आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढली होती. मुलं सोडून चालली होती. पर्णसुधा आलं आणि यंत्रं आली, माणसं आली. माझी फेलोशिपसुद्धा त्यातूनच येते. सर म्हणतात, वाईट धंद्यातला पैसा चांगल्या कामाला लागला की तो धुतला गेला असं समजायचं. मला ते पटतं. निदान पटायचं.

लोकांची तोंडं का आखडतात, पुरती उघडत का नाहीत, हे कुणीतरी शोधायला तर हवं ना? निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. तुमच्या तोंडात किती गेली, तेवढं कळवा. यादीत मी नावं पाहत नाही, नुसते आकडे पाहते.

मामीला सांगा, लोणचं पोचलं.

तुमची,
रश्मी


आसगाव
३० जुलै २०२४

रश्मीबाई,

धानाचा रोवना सुरू हाय. सकाळपासून बांधीत वाकून कंबर धरली, म्हनून अक्षर वाकडं हाय. मन सरळ हाय.

तुहं पत्र वाचून संशय कमी नाही झाला, वाढला. तुह्या सराचं ते "पैसा धुतला गेला" वालं बोलनं लय गोड हाय. इतकं गोड बोलनाऱ्याकडून मी बैलही घेत नाही.

मी त्या दिवशीचे प्रश्न आठवून पाहिले. मिरचीचं खोदून खोदून इचारलं. भाजीत किती टाकता, ठेचा खाता का, मिरची घरची का बाजारची, तिखट खाल्लं का तोंडात आग होते का. मी म्हतलं, होते ना बाप्पा, आजकाल पिवळं वरनही झोंबते. ते पोट्टं इतकं खूश झालं, जसं मी त्याले पोरगीच दिली. आनि खर्र्याचं फक्त एकच इचारलं. दररोज किती खर्रे विकत घेता? मी म्हतलं, एकही नाही. तो म्हने, मंग "खात नाही" लिहू? मी म्हतलं, लिही.

यात खोटं काय हाय? मनिषच्या ठेल्यावर माहा हात खिशात गेलेला कोनी पाहिला असन त पुढं आन. आता माहा जोडीदार केवळराम वावराच्या धुऱ्यावर बसून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटते, सुपारी-तंबाखू-चुना मस्त एकजीव करते आनि पन्नी पुढं करते, त त्याले नाही म्हनाचं काय? चार मानसात पन्नी फिरली आनि आपनच हात मागं घेतला, त उद्या आपल्या रोवन्याले कोन येईन? तो मान असते बाई, ते खानं नाही. खानारा म्हंजे जो विकत घेते तो. मनिषच्या ठेल्यावर जाऊन इचार, साऱ्या गावात खानारे बोटावर मोजाइतके सापडतीन.

माह्या ध्यानात वेगळंच येऊन राहिलं. ह्या कंपनीले मिरचीचे भाव पाडाचे हाय. आपल्या पवनीकडच्या मिरचीवर कोन्या मोठ्या व्यापाऱ्याचा डोळा हाय, आनि तुह्या सराले हाताशी धरून मिरचीले बदनाम करून राहिले. तू पाहून ठेव.

बोटाचं काहून इचारते? दोन गेली. त्या पोट्ट्याची बोटं जाड होती.

मामा


विद्यापीठ वसतिगृह
१४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामाजी,

तुमचं पत्र हातात घेऊन मी तशीच प्रयोगशाळेत गेले आणि सगळा तक्ता पुन्हा उघडला. मामाजी, आमच्या तक्त्यात "खर्रा न खाणारे" म्हणून जो रकाना आहे, तो तोंड आखडलेल्या माणसांनी भरलाय. तुमच्यासारख्या. पन्नीतला घेणाऱ्या.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. पन्नी फिरताना मी लहानपणापासून पाहिलेली आहे. प्रश्न फाउंडेशनकडून इंग्रजीत आला आणि मी तो जसाच्या तसा मराठीत उतरवला, "विकत घेता" सकट. खाता का, असं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण ज्यानं तो प्रश्न मुळात बनवला, तो आपल्याकडच्या एखाद्या ठेल्याजवळ बराच वेळ उभा राहिला असावा, असा मला दाट संशय आहे.

मिरचीच्या भावाचं डोक्यातून काढा. तिखट झोंबतं ते तोंड बिघडल्यामुळे. आतली कातडी आधी कडक होते, मग साधं वरणसुद्धा सहन होत नाही. हे लोक उलटं लावतायत, तिखट खाल्लं म्हणून तोंड बिघडलं. म्हणजे तंबाखू सुटली आणि सुपारीही सुटली.

मी सरांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, प्रश्नावली मंजूर झालेली आहे, आता बदलता येत नाही, पण तुझा मुद्दा अहवालात येईल, माझा शब्द आहे. मग उठता उठता विचारलं, "गावाकडून कोण पत्र लिहितं तुला?" मी कुणाला बोलले नव्हते. तुमचं पाकीट मला मिळालं तेव्हा एका बाजूनं उघडं होतं. शिपाई म्हणाला, टपालातच फाटलं. असेलही. हल्ली मला काय खरं मानावं तेच कळत नाही.

मामाजी, रागावू नका. दोन बोटं म्हणजे आजार आहे. टॉवरचा दोष नाही. तुमची जीभच नीट फिरत नाही म्हणून फोनवर आवाज फाटतो. हात जोडते, पन्नी पुढं आली की नाही म्हणा. मान गेला तर जाऊ द्या.

रश्मी


आसगाव
२१ नोव्हेंबर २०२४

रश्मीबाई,

इतके दिवस उत्तर नाही दिलं, कारन मले राग आला होता. ज्या पोरीले मी बोलाले शिकवलं ते मले म्हनते तुमची जीभ फिरत नाही! मी म्हतलं हे पत्र रश्मीचं असूच नाही शकत. कोन्या डॉक्टरानं तिच्याकडून लिहून घेतलं असन. दवाखान्यावाल्यालेही गिऱ्हाईक पाहिजेच ना.

तरी मी बंद केला होता. आईशप्पथ. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत चिमूटभरही तोंडात नाही टाकला. केवळराम पन्नी पुढं करे आनि मी बोडीच्या पान्याकडं तोंड करून बदकं पाहो. त्यानं आधी थट्टा केली, मंग बोलनं सोडलं, मंग माह्या धान कापनीले आलाच नाही. जन्मभराचा जोडीदार, पन मी म्हतलं, रश्मीनं सांगतलं हाय, त असन काही.

आनि परवा तोच केवळराम सकाळी सकाळी दारात उभा. हातात पेपर. म्हने, "घे, वाच, तुही भाची काय म्हनते." मोठ्या अक्षरात छापलं होतं, "तोंड आखडण्यास तिखटाचा अतिरेक कारणीभूत, विद्यापीठाचे संशोधन." खाली नावं. पहिलं नाव तुहं! सराचंही तुह्या खाली!

आता मी काय समजू? एक रश्मी पत्रात, एक रश्मी पेपरात. दोघीतली एक खोटी. मी लय इचार केला. पत्र तू मले एकट्याले लिहिलं. त्यात मानूस मायेनं वाढवून-चढवून लिहिते, भेव दाखवते. पेपरात लिहिलं ते साऱ्या जगाले. साऱ्या जगापुढं माही भाची खोटं बोलनार नाही. म्हनून मी पेपरवाली खरी धरली.

त्याच दिवशी धुऱ्यावर पन्नी आली. मी चिमूट घेतली. केवळरामच्या डोळ्यात पानी आलं, खोटं नाही सांगत.

मनिषनं तो कागद प्लास्टिकात मढवून ठेल्यावर लावला हाय. येनारा-जानारा वाचते. "आपल्या आसगावची पोरगी" म्हनते. आनि तुह्या मामीनं घरातली मिरची बंद केली. दवाखान्यात भेटते तसं पिवळं पानी भातावर टाकून खाऊन राहिलो. आता खरं सांग, ते ऑगस्टातलं पत्र तूनंच लिहिलं होतं काय?

मामा


विद्यापीठ वसतिगृह
२ डिसेंबर २०२४

मामाजी,

पत्र मीच लिहिलं होतं. प्रत्येक ओळ माझी. पेपरातली रश्मी खोटी आहे.

माझं नाव पहिलं टाकलं ते सरांनी. म्हणाले, तू त्या भागातली, तुझ्या नावाला वजन आहे. मला वाटलं, मान देतायत. आता वाटतं, त्यांना माझं काम नकोच होतं, आसगावची मुलगी हवी होती. माझा मुद्दा अहवालात आहे, शब्द पाळला त्यांनी. शेवटच्या पानावर, तळटीपेत, इंग्रजीत, बारीक अक्षरात. पेपरवाला तिथपर्यंत कशाला जाईल?

छापायच्या आधी मी ते पाहिलं होतं. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पाहिलं आणि गप्प बसले. मार्चमध्ये माझा प्रबंध जमा करायचा आहे आणि त्यावर सरांची सही लागते. आज नाव काढा म्हटलं तर फेलोशिप बंद, वसतिगृहातली खोली बंद, चार वर्षं पाण्यात. मामाजी, मार्च जाऊ द्या. मग मी स्वतः पेपरात छापून आणते, काय चुकलं, कुणी चुकवलं, सगळं. आणते म्हणजे आणतेच.

तोवर माझ्या पत्रावर विश्वास ठेवा, पेपरावर ठेवू नका. पन्नीला हात लावू नका. भंडाऱ्याला नाहीतर नागपूरला जाऊन तोंड दाखवा. मिरचीनं काही होत नाही, मामीला म्हणावं, भाजीत पडू दे. पण आग होत असेल तर तेच आजाराचं लक्षण आहे, हेही सांगा.

रश्मी


विद्यापीठ वसतिगृह
१० एप्रिल २०२५

तीर्थरूप मामाजी,

डिसेंबरपासून तुमची एक ओळ नाही. पत्र पोचलं ना? की तेही कुणी मधेच ठेवून घेतलं? काल मामीला फोन केला तर "वावरात गेले" म्हणाली आणि ठेवला. मामी आणि दोन शब्दांत फोन! तुम्ही सगळे माझ्यापासून काही लपवत तर नाही ना?

प्रबंध जमा झाला. आता फक्त तोंडी परीक्षा राहिली आहे. परीक्षक सरांच्या ओळखीचे आहेत. सरांनी परवा बोलावून सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू पेपरवाल्यांशी बोलतेस का गं?" मी नाही म्हणाले. खरंच बोलले नव्हते. लेख लिहून ठेवलाय, नीट लिहिलाय, तुम्ही वाचाल तर म्हणाल पोरीनं कुणाची भीड ठेवली नाही. परीक्षा झाली की लगेच देते. आता इतकी थांबले, तर आणखी थोडं.

तुम्ही बंद केला ना? एवढंच कळवा. एका ओळीत कळवा.

रश्मी


आसगाव
३ ऑगस्ट २०२५

रश्मीबाई,

तुही दोन्ही पत्रं भेटली. कोनी मधी ठेवून नाही घेतली.

आता बोलाचं काम थांबलं हाय, लिहाचं सुरू हाय, म्हनून सावकाश लिहितो. होळीनंतर गालात आतून फोड आला. मी म्हतलं, उन्हाचा. मामीनं तुले सांगतो म्हतलं त मी शपथ घातली. म्हतलं, पोरीची परीक्षा हाय. शेवटी तिनंच मले नागपूरले नेलं. गालातला तुकडा काढला, तपासला. कॅन्सर हाय. एका बाजूचा जबडा काढला. आता नळीनं पातळ पितो, तीन बोटाचं सोड, चमचाही आडवा जात नाही.

डॉक्टरीनबाईनं इचारलं होतं, कवापासून खाता? मी सवयीनं मान हलवली, खात नाही. तशी तुही मामी भर वार्डात ओरडली, "खाते! रोज खाते! विकत घेत नाही इतकंच!" आनि ढसाढसा रडली. मले तिचं इतकं वाईट वाटलं. जन्मभर तिची थट्टा केली, का हिच्या तोंडात काही राहत नाही.

तुह्यावर राग हाय काय म्हनशील. हाय. पन पेपरात जे पहिलं छापलं त्याचा नाही. तिथं तुले फसवलं, मले समजते. तू डिसेंबरात लिहिलं, का मार्चनंतर छापून आनते. मी तुह्यावर इश्वास ठेवला. रोज सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन पेपर चाळे. म्हतलं, आज येईन. मार्च गेला, एप्रिल गेला, लगनसराई गेली, धानाचे परे टाकले. काही आलं नाही. मंग मी म्हतलं, तिले छापाचं असतं त छापलं असतं. म्हंजे पहिलं छापलेलंच खरं, पत्रातलं मायेचं. आनि पन्नी येत राहिली, मी घेत राहिलो. फोड आल्यावरही घेतला.

मी त्या कंपनीवर कवाच इश्वास ठेवला नाही. झोळा पाहूनच वयखलं होतं. तुह्या सरावर नाही ठेवला, कोन्या पुढाऱ्यावर त जन्मात नाही. साऱ्यावर संशय घेनारा मानूस मी, गावात माही थट्टा होते त्याच्यावरून. पन त्या कागदावर तुहं नाव होतं बाई. तिथं माहा संशय चालला नाही.

काल केवळराम भेटाले आला. माहं तोंड पाहून खाली पाहत बसला. त्याच्याही तोंडात दोनच बोटं जाते. मी पाटीवर लिहून दाखवलं, खर्रा सोड. तो म्हने, "भाऊ, रश्मीनं त मिरची सांगतली हाय." मी तुही सारी पत्रं काढून त्याच्या हातात देल्ली. त्यानं वाचली. चांगली वाचली. मंग घडी करून मले वापस देल्ली आनि म्हने, "हे तुमच्या घरातलं हाय भाऊ. ते छापलेलं हाय." आनि उठून ठेल्याकडं गेला. तो कागद अजून तिथंच हाय.

म्हनून आता मले पत्र लिहू नको. माफी मागाले येऊ पन नको. लिहाचं असन त पेपरात लिही. आनि पहिलं नाव तुहंच टाक.

सेवकराम